विटकरी रंगाचे नऊ दिवस

सतराव्या वर्षी मी नऊ दिवस मरत होते. हा किस्सा मी चारचौघांत इतक्या वेळा सांगितला आहे की पहिलं वाक्य ऐकलं की माझी मुलगी पाणी आणायच्या निमित्तानं उठून जाते. मी हातवारे करते, आवाज बदलते, आत्या होते, मगदूम सर होते, आणि एका ठरावीक जागी लोक पोट धरून हसतात. ते हसले की मी थांबते. आता लिहायला बसल्यावर लक्षात येतंय की गेली तीस-पस्तीस वर्षं मी ही गोष्ट अर्ध्यावरच सोडत आले. या वेळी समोर हसायला कोणी नाही, तेव्हा पुढचीही सांगून टाकते.

अकरावी-बारावीला मी सांगलीत आत्याकडे राहायला होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या अलीकडे, कृष्णेच्या काठावर. तिथं दहावीपुढे काही नव्हतं, आणि मला तर डॉक्टर व्हायचं होतं. निदान मी तसं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आत्या एकटी होती. हळदीच्या बाजारामागच्या बोळात दोन खोल्यांत राहायची आणि परकर-पोलकी शिवायची. तिच्या मशीनची खडखड आणि बोळाच्या तोंडाशी हळद घासायची जी मोठी पिंपं फिरायची त्यांची गडगड, या दोन आवाजांच्या मध्ये माझा सगळा अभ्यास झाला. हवेत सतत पिवळी धूळ. दोरीवर वाळत घातलेला माझा पांढरा गणवेश संध्याकाळी लिंबाच्या रंगाचा होऊन घरात यायचा, आणि त्या डागाला साबण लावला की तो लालभडक व्हायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी किंचाळले होते. आत्या मशीनवरून मानही न उचलता म्हणाली, "उन्हात टाक, जाईल. हळद हाय ती, साबनाला लाजती." रंग बदलतात आणि बदलताना काहीतरी सांगतात, हे मला पुस्तकाच्या आधी त्या दोरीनं शिकवलं.

पुस्तकातला तो धडा होता जैविक रेणूंचा. कार्बोहायड्रेट, प्रोटीन, लिपिड, न्यूक्लिक ॲसिड. दहावीपर्यंत मी प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ मराठीत सुखानं खात होते, अकरावीत एकाएकी सगळं इंग्रजी झालं आणि माझी दातखीळ बसली. मग मी आपली युक्ती काढली. ताटातच धडा मांडायचा. भाकरीचा तुकडा मोडला की मोठ्यानं म्हणायचं, "स्टार्च! ग्लुकोजच्या हजार मण्यांची माळ!" मटकीच्या उसळीला प्रोटीन, खर्ड्यावरच्या तेलाला लिपिड. आत्या घास तोंडाशी थांबवून ऐकायची. "आनि मिठाला काय म्हंत्यात?" "मीठ यात येत नाही आत्या, ते जैविक नाही." "मग खाऊ नगंस," आत्या म्हणायची आणि मिठाची वाटी आपल्या बाजूला ओढून घ्यायची.

आम्हाला जीवशास्त्र शिकवायला मगदूम सर होते. अंगानं काटकुळे, सायकलवरून येणारे, विजारीच्या पायांना लावलेले चिमटे वर्गातही काढायला विसरणारे. प्रयोगशाळेत मात्र ते राजे असत. "टेस्ट ट्यूब खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "खोटं बोलतात ती माणसं." प्रात्यक्षिक परीक्षेत लघवीतली साखर ओळखायचा प्रयोग असे. नमुना म्हणून चहाचं फिकट पाणी ठेवायचं आणि त्यात गुपचूप ग्लुकोज कालवायचं, ही सगळीकडचीच पद्धत. सरांना ती मान्य नव्हती. "परीक्षेत तुम्हाला नाटकातलाच नमुना मिळेल," ते म्हणाले, "पण त्याआधी एकदा खरा बघा. उद्या प्रत्येकानं स्वतःचा आणायचा. सकाळचा पहिला. झाकणाच्या बाटलीतून." मुलं खिदळली. आम्ही पाच मुली एकदम आपापल्या चपला निरखू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाचं पाणी जायच्या बेतात होतं आणि मला अशी बाटली हवी होती की जिच्यातलं बाहेरून दिसणार नाही. मोरीवरच्या फळीवर तपकिरी काचेची टॉनिकची बाटली पालथी घातलेली दिसली. आईनं गावाहून तिच्यातून काकवी पाठवली होती, आत्यानं ती आदल्या दिवशी पातेल्यात काढून बाटली विसळून ठेवली होती. मी तिच्यात चूळभर पाणी घातलं, हलवलं, ओतलं. इथं मला माझी हुशारी नडली, हे मी कबूल करते. बाटलीत काकवी होती हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मी उभ्या उभ्या त्यावर विचारसुद्धा केला. काकवी म्हणजे ऊस, उसाची साखर म्हणजे सुक्रोज, आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणापुढे सुक्रोज ठेवलं तर ते द्रावण ढिम्म हलत नाही, हे मला पान नंबरासकट पाठ होतं. म्हणजे राहिली असेल थोडी काकवी तरी हरकत नाही. माझ्या जागी दुसरी कुणी अडाणी मुलगी असती तर तिनं निमूटपणे दुसरी बाटली घेतली असती.

प्रयोगशाळेत मी परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, नमुन्याचे आठ थेंब घातले आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर धरली. आजूबाजूला सगळ्यांच्या नळ्या उकळत होत्या आणि सगळ्या आभाळासारख्या निळ्या होत्या. माझी आधी हिरवी झाली. मला वाटलं, खिडकीतल्या झाडाची सावली पडली असेल. मग पिवळी. मग नारिंगी. आणि मग तळाशी जाडसर, गढूळ असा विटेचा रंग बसला, नुकत्याच भाजलेल्या विटेचा. पुस्तकात त्या रंगापुढे चार अधिक चिन्हं छापलेली होती. त्यापुढे पायरीच नव्हती. माझ्या कानात हळदीचं पिंप फिरायला लागलं. सर एकेका टेबलाशी येऊन विचारत होते. "तुझा?" "निळा, सर." "तुझा?" "निळा." ते माझ्या टेबलाशी पोचेपर्यंत मी नळी मोरीत ओतून नळाखाली धरली होती. "तुझा?"

"निळा, सर," मी म्हणाले.

जर्नलमध्येही तेच लिहिलं. निरीक्षण, निळा रंग. अनुमान, साखर नाही. अक्षर इतकं सुंदर आलं होतं की मला त्याचाच राग आला.

मग सुरू झाले ते नऊ दिवस. आमच्या बोळात एक घड्याळजी होते. साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापला होता. दुकानाच्या फळीवर बसून, डोळ्याला भिंग लावून ते काम करत, आणि रिकामी लेंग्याची नळी घडी घालून मांडीखाली दाबलेली असे. दीड वर्ष मी त्यांच्यासमोरून रोज जात होते, "काय डॉक्टरीणबाई!" अशी त्यांची हाक झेलत होते. आता मला त्यांच्यात माझंच पुढचं चित्र दिसायला लागलं. मी बाजाराला वळसा घालून कॉलेजात जाऊ लागले. धड्याच्या शेवटी लक्षणं दिली होती. फार तहान. फार भूक. वारंवार लघवी. वजन घटणे. जखम लवकर न भरणे. भीतीनं माझा घसा कोरडा पडायचा म्हणून मी पाणी प्यायची, पाणी प्यायले म्हणून मोरीकडे पळायची, आणि प्रत्येक फेरीला हिशेब जुळत चालला म्हणून आणखी घसा कोरडा पडायचा. कांदा चिरताना बोट कापलं तर ते दिवसातून दहा वेळा उजेडात धरून बघायची. तिसऱ्या दिवशी ते चांगलं भरून आलं. मला वाटलं, हे वरवरचं आहे, आतून काही खरं नाही.

चहात साखर घ्यायची बंद केली तेव्हा आत्यानं मशीन थांबवली. "का गं? कुनी बघाय येनार हाय का काय? बारीक व्हतीस व्हय?" मी म्हणाले, अभ्यासानं झोप येते, गोडानं जास्त येते. तिनं भडंगाची परात पुढे सरकवली, मी चुरमुऱ्यातला स्टार्च मनात मोजला आणि परात परत सरकवली. भडंग नाकारणारी मुलगी सांगलीत एक तर आजारी असते नाही तर प्रेमात. आत्यानं दुसऱ्या शक्यतेवर नजर ठेवायचं ठरवलं असावं, कारण त्यानंतर ती मला कॉलेजच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला येऊ लागली.

जर्नलच्या शेवटच्या पानावर मी मृत्युपत्र लिहिलं. कंपासपेटी चुलतबहिणीला, सायकल आत्याला, पुस्तकं पुढच्या वर्षीच्या गरीब विद्यार्थिनीला. 'आईनं रडू नये' असं लिहून मी स्वतःच एवढी रडले की शाई पसरली. हे मी लोकांना सांगते तेव्हा पदर डोळ्यांना लावते आणि ते हसतात. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांतली माझी भीती अजून माझ्या पोटात आहे, जशीच्या तशी. दुपारी बोळ सुनसान असायचा, पिंपं थांबलेली असायची, आणि त्या शांततेत मला वाटायचं की माझ्या आत काहीतरी झिरपतंय, गोड आणि चिकट, आणि ते मला एकटीलाच ऐकू येतंय. सांगितलं तर खरं होईल, म्हणून मी सांगत नव्हते. पुन्हा करून बघावं म्हणून डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत मी प्रयोगशाळेतलं निळं द्रावण चोरून आणलं होतं, एक परीक्षानळीही आणली होती. ते दोन्ही कंपासपेटीत घेऊन नऊ दिवस फिरले. पेटी उघडायची, निळा रंग बघायची आणि मिटायची.

प्रात्यक्षिक परीक्षा मंगळवारी होती. आदल्या शनिवारी मी एसटीत बसून गावाला गेले. आई-आबांना एकदा डोळे भरून बघून घ्यावं, असा त्यात नाट्यमय हेतू होता.

माझे आबा, म्हणजे वडील, गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो, तो कधी ढवळायचा, कधी त्यावरची मळी काढायची आणि नेमक्या कोणत्या क्षणी काहील उतरवायची हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आबांकडे घड्याळ नव्हतं, थर्मामीटर नव्हता. गार पाण्यात हात बुडवून ते उकळत्या पाकाचा थेंब उचलायचे, बोटांत त्याची गोळी वळायचे, जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "उतरवा." पंचक्रोशीत त्यांच्या हातचा गूळ डोळे झाकून घेत. त्या दिवशी मी पोचले तेव्हा ते काहिलीखालच्या चुलवाणाशेजारी पोत्यावर बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या, नेहमीसारखा. सदरा खांद्यावरून घरंगळत होता. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. हंगामाच्या सुरुवातीला पायावर रस सांडून भाजलं होतं, ते अजून ओलंच होतं. मी हे सगळं बघितलं. आगीजवळ बसणारा माणूस पाणी पितोच, राबणारा माणूस वाळतोच. मी लक्षणांची यादी तोंडपाठ केलेली मुलगी, ती यादी समोर पोत्यावर बसली होती आणि मी तिच्या पाया पडले.

नुकतीच एक काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या खड्ड्यात, ओतली होती. कोमट गुळाचा पहिला गोळा आल्या माणसाच्या हातावर ठेवायचा ही गुऱ्हाळाची रीत. आबांनी तो उसाच्या चिपाडावर घेऊन माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

"का गं?"

"नको आबा."

"गुळव्याची पोरगी गूळ नगं म्हंती? परीक्षेत बाद करत्यात व्हय गूळ खाल्ल्यावं?"

चुलवाणात चिपाडं सारणारा गडी हसला. मी रडायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं, मग आई भाकरीचं टोपलं घेऊन धावत आली. नऊ दिवसांचं सगळं बाहेर पडलं, विटकरी रंग, चार अधिक चिन्हं, घड्याळजींचा पाय, मृत्युपत्रातली सायकल. आबा शेवटी म्हणाले, "कशात न्हेलं हुतंस?"

"बाटलीत. टॉनिकच्या."

"काकवी धाडली हुती ती?"

"हो, पण आबा, त्यानं काही होत नाही. काकवी म्हणजे उसाची साखर, आणि उसाच्या साखरेवर ते द्रावण..."

"कुनी सांगितलं?" आबा पहिल्यांदा हसले. "काकवी म्हंजी साखर न्हवं, पोरी. साखर व्हायला जी तयार हुईत न्हाई, ती काकवी. दाना धरत न्हाई म्हनून तर बाटलीत भरायची. दाना धरला असता तर पोत्यात न्हाई भरली?"

पुढे मगदूम सरांनी हेच मला फळ्यावर लिहून दाखवलं. रस आंबूस, त्यात उकळी; सुक्रोज फुटतं, त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, ते दाणा धरू देत नाहीत, आणि तेच बेनेडिक्टला विटकरी करतात. सरांना पाऊण फळा लागला. आबांनी ते पोत्यावर बसून दोन वाक्यांत सांगितलं होतं.

मग तिथंच प्रयोग झाला. आबांनी चहाचा काचेचा पेला राखेनं घासला आणि उकळत्या पाण्यानं तीनदा धुतला. मोजून तीनदा. "भांडं सोच्छ नसंल तर गूळबी फसतो," ते म्हणाले. कंपासपेटी उघडली. आधी काकवीचा एक थेंब. निखाऱ्यावर धरताच नळी विटकरी. मग नळी उकळत्या पाण्यानं धुऊन माझा नमुना, त्या पेल्यातला. मी डोळे मिटून नळी धरली होती. गडी, आई, आबा सगळे वाकले होते. "आगं, डोळं उघड," आई म्हणाली. निळा! उकळ उकळ उकळला तरी निळा! मी त्या चिपाडांच्या ढिगावर नाचले. नऊ दिवसांचा गूळ मी एका बैठकीत खाल्ला, हाताला, हनुवटीला, केसांना गूळ. इथं लोक हसतात, आणि इथं मी थांबते.

आबांनाही फार मजा आली होती. "आता माझं बघ," ते म्हणाले. "चाळीस वरसं गूळ चाटतोय. माझ्यात तर ढेपच निघंल." आई म्हणाली, "काय तरी चाळं." बाटलीत द्रावण जेमतेम एका वेळेचं उरलं होतं. आबांनी पेला पुन्हा घासला, पुन्हा तीनदा धुतला आणि लंगडत बांधापलीकडे गेले. परत आल्यावर राजासारखा पेला माझ्या हातात दिला. मी सराईतपणे थेंब मोजले, नळी निखाऱ्यावर धरली आणि परीक्षकाच्या आवाजात इंग्रजी झाडायला लागले.

हिरवा झाला. मी बोलायची थांबले. पिवळा. नारिंगी. आणि मग तळाशी बसायला लागला तो रंग, माझ्या नळीतला होता त्यापेक्षा दाट.

आबा काहिलीवर वाकतात तसे नळीवर वाकले. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरून फिरवली. "रंग बेस आलाय," ते म्हणाले. मग नळी पुन्हा एकदा फिरवून, "भांडं मीच धुतलं न्हवं?"

"हो, आबा."

"तीनदा?"

"तीनदा."

आई टोपलं धरून तशीच उभी होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "बांधाच्या त्या कोपऱ्यात मुंग्या कशाच्या लागत्यात, म्या दिवाळीपास्नं इचारतीया." गुऱ्हाळावर मुंग्यांना कारण लागत नाही. जिकडे तिकडे काकवी सांडलेली, मुंग्या असायच्याच. म्हणून तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

काहील तेवढ्यात भरात आली. गड्यानं हाक मारली. आबांनी नळी मातीत उभी रोवली, गार पाण्यात हात बुडवला, थेंब उचलला, गोळी वळली. ती तोंडाकडे नेता नेता त्यांचा हात थांबला. मी त्यांची मुलगी, सतरा वर्षं त्यांना बघत आलेली. तो हात कधी थांबलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी गोळी माझ्या जिभेवर ठेवली.

"कसा झालाय?"

"गोड," मी म्हणाले.

"गोड तर असनारच गं. खाऱ्या रानाचा ऊस हाय, खारट हाय का सांग."

मला चवच कळत नव्हती. "नाही," मी म्हणाले, आणि आबा म्हणाले, "उतरवा."

माझ्या पहिल्या भीतीत मृत्युपत्र होतं, पसरलेली शाई होती, थोडी ऐटही होती. या दुसऱ्या भीतीत मला काहीच करता येईना. मी रडले नाही, लिहिलं नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. रविवारी दिवसभर मी फक्त त्यांच्या पायाचं फडकं बघत होते. सोमवारी कराडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फडकं सोडलं आणि मान वर न करता विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" पाय राहील की जाईल हे दोन महिन्यांत कळेल, गोळ्या चुकवायच्या नाहीत, गोड बंद, आणि लघवीतली साखर रोज बघायची. उपाशीपोटी ती बिलकूल दिसेनाशी झाली तर पाय वाचेल असं धरा, ते म्हणाले. आबांनी एकच विचारलं, "गूळ करायचा बंद का चाटायचा बंद?" डॉक्टर म्हणाले, चाटायचा. आबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला त्याच दिवशी सांगलीच्या गाडीत बसवलं. मी नाही म्हणत होते. "तू हितं बसून माझ्या पायाकडं बघून काय हुनार हाय? तुझ्यामुळं घावलं, आता पेपर लिव्ह," एवढंच ते म्हणाले.

सांगलीत उतरून मी आत्याकडे न जाता तडक प्रयोगशाळेत गेले आणि मगदूम सरांना सगळं सांगितलं, मोरीत ओतलेल्या नळीपासून. सरांनी जर्नल मागून घेतलं, ते सुंदर अक्षर वाचलं आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. "टेस्ट ट्यूब खोटं बोलली नव्हती," ते म्हणाले. "लिही. पहिला नमुना, विटकरी, भांडं अस्वच्छ. दुसरा नमुना, निळा. तिसरा?" मी तिसऱ्यापुढे विटकरी लिहिलं आणि माझा हात थांबला. सरांनी कपाटातून मोठी बाटली काढली, काठोकाठ निळ्या द्रावणानं भरली, चार नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. "वडिलांना सांग, सकाळचा बघायचा. आणि जळत्या दिव्यावर नळी तिरकी धरायची, तोंडासमोर नाही." आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस, आणि ते मी चोरीची कबुली देऊन मिळवलं.

दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात मला चिठ्ठी आली ती बेडकाच्या हाडांची. कुणाला हे खोटं वाटेल.

बाटली गावाला गेली ती दस्तगीरमामांच्या ट्रकमधून. आमच्या बाजूचा गूळ तेच सांगलीच्या बाजारात आणायचे. दर चार-पाच दिवसांनी ट्रक आमच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहायचा आणि आबांचा निरोप यायचा. निरोप म्हणजे एकच शब्द. पहिल्यांदा मामा म्हणाले, "आबानं सांगितलंय, इटकरी." पुन्हा, "इटकरी." मग, "नारिंगी." मी मान हलवून आत जायची आणि रेणूंचा धडा उघडून बसायची. ग्लुकोजचा तो षट्कोन मला आता चित्र वाटत नव्हता. एकेक षट्कोन आबांच्या पायात शिरताना दिसायचा. लेखी परीक्षा सुरू झाली, भौतिकशास्त्र झालं, रसायन झालं. मग एकदा मामा म्हणाले, "आज पिवळा म्हनाले," आणि माझा चेहरा बघून वैतागले. "आगं, गुळाचा रंग पिवळा आला की बाजारात उड्या पडत्यात, आनि तू रडतीस काय? ह्यो काय परकार हाय? कुनाची चिठ्ठी-बिठ्ठी न्हाई न्हवं?" आत्यानं आतून ओरडून सांगितलं, "चिठ्ठी तुमच्या आबांची हाय, गप ट्रक घिऊन जावा!" त्यानंतर सात दिवस ट्रक आलाच नाही.

ते सात दिवस मी लिहू शकत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. मी बोळाच्या तोंडाशी जायची आणि परत यायची. घड्याळजींना आता वळसा घालत नव्हते. उलट त्यांच्या फळीशी उभी राहून रस्ता बघायची. एकदा मी त्यांच्या रिकाम्या लेंग्याकडे बघत होते तेव्हा त्यांनी भिंग काढून विचारलं, "कोणाला आहे साखर?" मी म्हणाले, "वडिलांना." त्यांनी भिंग पुन्हा लावलं. "दिसली ना वेळेवर?" ते म्हणाले. "माझी कुणी बघितलीच नाही."

आता मी स्वतः साखरेची गोळी घेते. पन्नाशीला माझ्याही रक्तात साखर आली. रोज बोटाला सुई टोचते, पाच सेकंदांत आकडा दिसतो, मुलगी तो तिच्या फोनमध्ये नोंदवते. त्या नऊ दिवसांत एवढी रंगीत तालीम झाली होती की खरी वेळ आल्यावर मला भीतीच वाटली नाही. डॉक्टरही मी झाले नाही, ते वेगळं. आणि आबा त्यानंतर एकवीस वर्षं गूळ करत राहिले, न चाटता; पाकाची गोळी लोखंडी पत्र्यावर टाकून आवाजावर ओळखायचे. चव बघायला मी गेले तर मी, नाही तर आई.

पण ते सात दिवस संपले त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जीवशास्त्राचा पेपर होता. अकराला कॉलेजात पोचायचं होतं आणि मी दहाला अजून दारात उभी होते. आत्यानं हातावर दही ठेवलं, मी ते तसंच धरून उभी. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि हळदीच्या पोत्यांमधून वाट काढत दस्तगीरमामा चालत आले, ट्रक मोठ्या रस्त्यावरच टाकून.

"यंजिन बसलं हुतं पाच दिस," त्यांनी सुरुवात केली. "गावाकडं जाताना पेठनाक्याला पडून हुतो. काय हाल म्हनून सांगू..."

"मामा, रंग?"

"आगुदर च्या तर पाज. पाच दिसांत..."

"रंग सांगा की आवं!" आत्या मशीनवरून ओरडली.

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आता ह्यो रंग कवा गुळाला येत न्हाई, म्हनून म्या दोनदा इचारून घेतला," ते म्हणाले. "निळा म्हनाले. आनि म्हनाले, पोरीला सांगा, भांडं तीनदा धुतलंय."